सोळा बिऱ्हाडं आणि एक राब

राब भाजायचा म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. भाताचं रोप ज्या तुकड्यात वाढवायचं तो तुकडा उन्हाळ्यात भाजून घ्यायचा असतो. खाली शेण पसरायचं, त्यावर वाळक्या फांद्या, त्यावर पातेरा म्हणजे झाडाखाली पडलेला पाला, त्यावर गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर. मग वारा येतो त्याच्या उलट्या बाजूने पेटवायचं. ज्वाळा उठता कामा नयेत. दिवसभर नुसतं धुमसत राहिलं पाहिजे. त्याने गवताचं बी मरतं, माती मोकळी होते आणि राख खताला होते. पाऊस आला की तिथे भात पेरायचं, आणि तीन-चार आठवड्यांनी रोप उपटून खाचरात लावायचं.

रत्नागिरीकडे माझी आई हे करायची, सासूही करायची. मुंबईत येऊन मीही हेच करणार आहे असं लग्न ठरवताना कोणी सांगितलं नव्हतं. मुलगा गिरणीत आहे, लालबागला खोलीत राहतो, एवढंच सांगितलं होतं. तेव्हा ते खरं होतं.

मग गिरणी बंद पडली. ती उघडेल म्हणून आम्ही दीड वर्ष वाट बघितली. नंतर मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कारखान्यावर ह्यांना वॉचमनची नोकरी लागली आणि तिथल्या मुकादमाच्या ओळखीने ही जागा मिळाली. मरोळच्या मागे डोंगर सुरू होतो तिथे चार खाचरं, एक विहीर, सात आंबे, दोन फणस आणि पत्र्याची एक खोली. मालक म्हातारे होते, गिरगावात राहायचे. खोलीत आम्ही राहायचं, भाडं नाही. शेत आम्ही करायचं, अर्धं भात त्यांचं.

पहिल्या दिवशी मालकांनी एकच अट सांगितली. मी दाराआड उभी होते, ते ह्यांच्याशी बोलत होते.

"माझ्या मुलांना ही जागा बिल्डरला द्यायची आहे. मी म्हणतो, वडिलांनी जमीन पिकवायला दिली, पिकतेय तोवर हात लावायचा नाही. म्हणजे पावसाळ्यात इथे भात उभं दिसलं पाहिजे. ज्या वर्षी दिसणार नाही, त्या वर्षी माझ्याकडे बोलायला तोंड राहणार नाही. मग तुम्हाला खोली सोडावी लागेल."

"दिसेल ना साहेब," हे म्हणाले. ह्यांनी तोवर आयुष्यात फक्त गिरणीतला साचा, म्हणजे माग, चालवला होता. भात मी दाखवायचं होतं.

मला परक्या माणसाशी बोलता येत नाही. शब्द तोंडापर्यंत येतात आणि तिथेच बसतात. शाळेत मी चौथीपर्यंत होते, चार वर्षांत मास्तरांनी माझा आवाज किती वेळा ऐकला असेल ते बोटांवर सांगता येईल. लिहायला मात्र आवडायचं, कारण पाटी वर बघत नाही. माझी मुलगी सहा वर्षांची झाल्यापासून वाण्याशी तीच बोलायची. मी मागे पिशवी धरून उभी. वाणी तिला विचारायचा, "आई मुकी आहे का गं?" ती सांगायची, "नाही, घरी बोलते."

खाचराला बोलायची गरज नसते म्हणून ते काम मला जमलं. पाऊस लागला की डोंगरावरच्या पाड्यातले एक वारली काका बैल घेऊन यायचे. ते माझ्यापेक्षा कमी बोलायचे. नांगरणी झाली की "झालं" म्हणायचे, भाकरी खायचे आणि जायचे. लावणीला त्यांच्याच पाड्यातल्या चार बायका यायच्या. श्रावणात तण काढायचं आणि बांधावर लक्ष ठेवायचं, कारण खेकडे बांध पोखरतात आणि एका रात्रीत खाचर रिकामं होतं. सापडला तर कालवण, नाही सापडला तर नुकसान. भात पिकायला लागलं की चिमण्या आणि मुनिया उतरायच्या. पाखरांना ओरडून हाकलायचं असतं. मला ओरडता येत नाही, म्हणून ह्यांनी कारखान्यातून रंगाचे रिकामे डबे आणले आणि मी ते दोरीला बांधून खोलीतून दोरी ओढत बसायचे. कापणी, झोडणी झाली की त्याच ओलीवर वाल, मुळा, माठ. मुलीला घेऊन सकाळी मरोळ नाक्यावर बसायचं, मुळा मी मांडायचा, भाव तिने सांगायचा. मग माघात बांध घालायचे. फाल्गुनापासून पातेरा गोळा करायचा. शेण जोगेश्वरीकडच्या तबेल्यातून आणायचं. तबेल्यातल्या भय्याला ते नाल्यात ढकलायला लागायचं, त्यामुळे मी पाटी घेऊन गेले की तो खूश व्हायचा. मे महिन्यात विहिरीतला गाळ. आणि राब.

दोन वर्षं असं बिनबोभाट गेलं.

तिसऱ्या वर्षी उगवतीला बिल्डिंग उभी राहिली. त्याआधी तिथेही खाचरं होती. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, मधे एक कुंपणाची भिंत. राबाचा तुकडा त्या भिंतीला लागूनच होता. तेवढीच जागा उंचावर होती, तिथे पाणी साचत नाही. दुसरीकडे रोप कुजलं असतं. मी भिंतीकडे पाठ करून काम करायचे. गॅलऱ्या भरल्या, दोऱ्या बांधल्या, कपडे आले. मी वैशाखात राब पेटवला.

दुसऱ्या दिवशी बिल्डिंगचे सेक्रेटरी भिंतीपाशी आले. बँकेत होते. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि हातात एक बनियन.

"बाई, हे बघा. हे पांढरं होतं."

मी बघितलं. ते पांढरं नव्हतं.

"आमच्या बिल्डिंगमध्ये दोन जणांना दमा आहे. असं जाळणं बंद करा. नाहीतर आम्हाला वर जावं लागेल."

वर म्हणजे कुठे ते मला समजलं नाही. मी मान हलवली. त्यांनी ते होकार म्हणून घेतलं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर हे भडकले. "कसला सेक्रेटरी! गावात ह्याच्या आज्याने काय गॅसवर राब भाजला होता?" पण ते खोलीत म्हणाले, भिंतीपाशी नाही.

सेक्रेटरी मालकांकडे गेले. मालक सज्जन माणूस. त्यांनी सांगून टाकलं की पुढच्या वर्षापासून राब भाजणार नाही. ह्यांच्या हाती मला निरोप पाठवला, शेणखत घालून रोप करून बघ.

मी बघितलं. पुढच्या पावसात तुकड्यात आधी गवत आलं, मग भात आलं. दोन्ही लहानपणी सारखीच दिसतात. उपटायला बसले तर भातही हाताला यायचं. चार खाचरांपैकी दोनच लावून झाली, तीही विरळ. उरलेल्या दोन खाचरांत पाणी साचून राहिलं आणि त्यात बिल्डिंग दिसायची, उलटी.

मालक श्रावणात आले, त्यांनी ते बघितलं. थोरला मुलगा बरोबर होता. तो पावलांनी बांधाची लांबी मोजत गेला. मालक ह्यांना म्हणाले, "या वर्षी मी सांभाळून घेतो. पुढच्या वर्षी चारही खाचरं दिसली पाहिजेत. नाहीतर दिवाळीनंतर बघा दुसरीकडे."

दुसरीकडे म्हणजे कुठे, ते हे रात्रंदिवस शोधत होते. कारखान्याच्या शेडमागे एक जागा होती, तिथे आधी कुत्र्याला बांधायचे. हे म्हणाले, "मोठी आहे तशी." मी जाऊन बघून आले. कुत्र्यासाठी मोठी होती.

तेव्हा मी ठरवलं की राब भाजायचा. मालकांना विचारायचं नाही, कारण त्यांनी शब्द दिला होता. बिल्डिंगला त्रास होऊ द्यायचा नाही. म्हणजे बिल्डिंगमध्ये कोणी नसेल असा दिवस पाहिजे. सोळा बिऱ्हाडं एकदम कशी बाहेर जाणार? पण ती गेली. सेक्रेटरींच्या मुलीचं लग्न निघालं, दादरच्या हॉलमध्ये. ही बातमी मला कोणी दिली नाही, मांडव बघून समजली. दोन बस ठरवल्यात हे गॅलरीतून गॅलरीत ओरडून बोलताना ऐकलं. त्यांना वाटायचं मी ऐकत नाही. जो बोलत नाही तो ऐकत नाही असं लोकांना वाटतं.

मुलगी सुट्टीत आजीकडे गावी गेली होती. मी आठ दिवस आधी शेण, फांद्या, पातेरा रचून ठेवला. लग्नाच्या दिवशी सकाळी दोन्ही बस गेल्या. मी सगळ्या गॅलऱ्या नीट बघितल्या. एकाही दोरीवर कपडा नव्हता. खिडक्या बंद. दम्याच्या दोघी नटून बसमध्ये बसलेल्या मी डोळ्यांनी बघितल्या. आमच्या खोलीसमोर मी कोहळ्याचे सांडगे वाळत घातले होते, धूर लागू नये म्हणून ते आत घेतले. मग राब पेटवला.

सकाळी वारा नव्हता. धूर सरळ वर जात होता. दुपारी समुद्राकडचा वारा सुटला आणि धूर बिल्डिंगकडे वळला. मी म्हटलं, वळू दे. आत कोण आहे?

चारच्या सुमाराला बस परत आल्या. राब तोवर जवळजवळ विझला होता, सुंदर भाजला होता. माती काळी-करडी, हाताने चुरली तर पिठासारखी. मी खूश होते. बायका गजरे सांभाळत उतरल्या, नाक उडवत आत गेल्या. पाच-दहा मिनिटं गेली. मग वरून आवाज आला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा आवाज मी ओळखायचे, सगळं मरोळ ओळखायचं. पण या वेळी तो तिसऱ्या मजल्यावरून येत नव्हता, आणखी वरून येत होता.

"ए बाई! ए शेतवाली! वर ये. ये ना, बघ काय वाट लावलीस ती!"

मी पहिल्यांदा त्या बिल्डिंगमध्ये शिरले. जिना चढत चढत गेले. चौथ्या मजल्यानंतर आणखी जिना होता.

वर गच्ची होती. आणि गच्चीवर सोळा बिऱ्हाडांची आगोट होती. म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी उन्हाळ्यात जे काय करून ठेवायचं ते सगळं. उडदाचे पापड, कुरडया, फेण्या, मिरगुंडं, डाळीचे सांडगे, आमसुलं, मसाल्याच्या मिरच्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चादरी, आणि कावळ्यांसाठी वर जुन्या साड्या बांधलेल्या. धूर साड्यांच्या आत शिरून तिथेच बसला होता. कुरडया पांढऱ्या होत्या म्हणे. म्हणजे बनियनसारखंच.

बायका लग्नातल्या शालूंत उभ्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी माझ्या हातात एक कुरडई दिली. "खा."

मी खाल्ली. धुराची लागत होती.

"कशी आहे?"

मी चावत राहिले.

"मला तर बिडीची लागते," दुसरी एक म्हणाली.

"अहो तीन दिवस गहू भिजत घातला, चीक काढला, हात मोडले माझे! अगं, तोंड आहे की नाही तुला?"

"आहे," मी म्हणाले. एवढंच निघालं.

तेवढ्यात सेक्रेटरींची आई वर आली. आजी दापोलीकडच्या, नऊवारी नेसायच्या. त्यांना जिना चढायला वेळ लागला होता. त्यांनी कठड्यावरून खाली बघितलं, मग माझ्याकडे.

"राब भाजलास काय गो?"

"हो."

"दुपारी वारा फिरतो ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे."

"मग?"

आता मला बोलणं भाग होतं. मी म्हणाले, "मी गॅलऱ्या बघितल्या. खाली आमच्या अंगणातले सांडगे आत घेतले. बिल्डिंगला अंगण असतं ते ठाऊक नव्हतं."

तिसऱ्या मजल्यावरच्या बाई हसल्या. मग आपण चिडलो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या थांबल्या.

"हसतेस काय," आजी त्यांना म्हणाल्या. "हिला उद्यापासून वर घ्या. नासवलंय तिनं, करील तीच. काय गो, पीठ कुटतेस?"

मी मान हलवली. यावेळी तो होकारच होता.

सेक्रेटरी मात्र ऐकेनात. मुलीची पाठवणी होऊन त्यांना तीन तास झाले होते, डोळे लाल होते, ते धुराने की कशाने ते सांगता येणार नाही. ते म्हणाले, "आई, हा पापडांचा प्रश्न नाही. मालकांनी लेखी नाही, पण शब्द दिला होता. मी त्यांना पत्र लिहिणार. सोळाच्या सोळा सह्या घेऊन."

ते ऐकलं आणि मी जिना उतरले. शब्द मोडला हे मालकांना समजलं, की चार खाचरं उभी असोत नाही तर आठ, त्यांनी आम्हाला का ठेवावं? मुलगा पावलं मोजून तयारच होता.

ह्यांना रात्रपाळीला जाताना सांगितलं. हे दारात बसले. म्हणाले, "आपण मालकांना सांगू, बिल्डिंगच्याच लोकांनी कचरा जाळला."

"कोणी?"

"ते बसमध्ये होते, नाही का," हे म्हणाले आणि ड्युटीला गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी गच्चीवर. सकाळची शेतातली कामं उरकून जायचे. उडदाचं पीठ पापडखार घालून भिजवलेलं असायचं, ते तेलाचा हात लावून मुसळाने कुटायचं. मऊ होऊन ओढलं की तार यायला लागली पाहिजे. ते माझं काम. लाट्या करून लाटायला बाकीच्या बसायच्या, गोल करून, प्रत्येकीचं पोळपाट आपापलं. माझ्या हातात जोर होता, खाचरातला. दोन दिवसांत माझी सगळ्यांत मागणी वाढली. "आज माझं पीठ आधी हं." "काल हिचं झालं ना, आज माझं!" मी बोलत नाही याचा कोणाला त्रास नव्हता. उलट एक जण म्हणाली, "हिच्यासमोर काही बोला, बाहेर जात नाही." आणि मग त्या बोलायच्या. त्या सगळं बोलायच्या. ते मी इथेही लिहिणार नाही.

तिसऱ्या दिवशी पत्र वर आलं. सेक्रेटरींनी टाइप करून आणलं होतं आणि सह्यांसाठी पहिल्या मजल्यापासून फिरवायला दिलं होतं. घरात कोणी सापडेना, कारण सगळ्या वर. म्हणून कागद वर आला. मी समोर बसून पीठ कुटत होते. पहिल्या बाईंनी दोन्ही हात दाखवले.

"हात भरलेत गं. मागाहून करते."

दुसरीचेही भरलेले. तिसरीचे तेलाचे. कागद वाऱ्याने उडायला लागला.

"अगं, तू धर जरा तो," तिसऱ्या मजल्यावरच्या बाई मला म्हणाल्या. "तिथे ठेव, वर काहीतरी वजन ठेव."

मी कागद घेतला आणि वर मुसळ ठेवलं. ठेवता ठेवता वाचला. चौथीपर्यंत शाळा झाली की तेवढं येतं. त्यात माझं नाव नव्हतं. "सदर स्त्री" असं होतं. सदर स्त्रीने हेतुपुरस्सर धूर केला. सदर स्त्रीस समज द्यावी अथवा जागा रिकामी करून घ्यावी. भाषा चांगली होती. मी मुसळ उचललं, दुसऱ्या हाताने कागद धरून ठेवला आणि एका हाताने कुटलं.

असा तो कागद आठ दिवस वर होता. रोज सकाळी सेक्रेटरी बँकेत जाण्यापूर्वी विचारायचे, "झाल्या का सह्या?" आणि रोज सगळ्यांचे हात भरलेले असायचे. खरंच भरलेले असायचे, कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. सह्या झाल्याच नाहीत असंही नाही. दम्याच्या दोघींनी केल्या, त्यांचा हक्कच होता. एका बाईंचे यजमान वर येऊन करून गेले. शेवटी सहा सह्या, एक पिठाचा अंगठा आणि तेलाचे दोन डाग एवढं जमलं. आजींना सही येत नव्हती, अंगठा त्यांचा होता. पण त्या म्हणाल्या, "ती सही नाही, मी नुसता धरला होता." सेक्रेटरींनी तसंच पाकिटात घालून टाकलं पोस्टात.

माझी आगोट संपली, पाऊस आला. मी राबात भात पेरलं.

रोप मात्र असं आलं की मी उठून दिवसातून चार वेळा बघायला जायचे. हिरवंगार, दाट, मधे गवताचं नाव नाही. वारली काका नांगरणीला आले, त्यांनी राबाकडे बघितलं आणि "झालं" म्हणण्याऐवजी "बरं झालं" म्हणाले. आषाढात चारही खाचरं लावून झाली आणि रोप उरलं, ते काकांना दिलं. श्रावणात पाण्यात बिल्डिंग दिसायची बंद झाली. भातच दिसायचं.

मुलगी परत आली होती, पण मालक आले ते शनिवारी सकाळी, तेव्हा ती शाळेत. हे पाळीवर. मी एकटी खाचरात वाकून तण काढत होते. वर बघितलं तर बांधावर छत्री. या वेळी मुलगा बरोबर नव्हता.

मालकांनी चपला काढून हातात घेतल्या आणि चारही खाचरांच्या कडेने फिरून आले. मला तितका वेळ मिळाला. ह्यांनी शिकवलेलं मी मनात म्हणून बघितलं, बिल्डिंगच्याच लोकांनी कचरा जाळला. ते काही केल्या जुळत नव्हतं.

मालक माझ्यापासून चार हातांवर येऊन थांबले. खिशातून पाकीट काढलं.

"सदर स्त्री म्हणजे तूच ना?"

मी मान हलवली.

"राब भाजलास?"

"भाजला."

"मी नाही म्हटलं होतं."

"हो."

ते थांबले. म्हणजे आता माझी पाळी होती. मी हातातलं गवत बांधावर ठेवलं. म्हणाले, "नाही भाजला तर आधी गवत येतं. गेल्या वर्षी आलं. तुम्ही म्हणालात चारही खाचरं दिसली पाहिजेत. दोन्ही होत नाही. धूर नको आणि भातही पाहिजे, असं होत नाही. मला माणसं नसतील तो दिवस बघायचा होता, मी बघितला. पापड दिसले नाहीत. त्यांचं मी करून दिलं. पण शब्द तुमचा मोडला, तो मी मोडला. ह्यांना माहीत नव्हतं."

एवढं मी परक्या माणसाशी एका दमात आयुष्यात बोलले नव्हते. शेवटी श्वास पुरला नाही.

मालक म्हणाले, "बोलतेस की."

मग त्यांनी पुन्हा भाताकडे बघितलं. पोटरीत यायला, म्हणजे पोटात कणीस धरायला, अजून अवकाश होता, पण वाऱ्याने सगळं एकदम वाकत होतं. "मुलाला मी उद्या घेऊन येतो," ते म्हणाले. "त्याला मोजायचं असेल तर मोजू दे. या पिकावर तो काय बोलणार? तुम्ही राहा. मी आहे तोवर राहा." मग त्यांना पत्र आठवलं. त्यांनी ते उलटं करून तेलाचे डाग बघितले. "पण याचं उत्तर द्यायला पाहिजे. सभ्य माणसं आहेत. मला चष्म्याशिवाय लिहवत नाही. तुला लिहिता येतं?"

"येतं."

मुलीच्या वहीतला कागद आणला. मालक खोलीच्या पायरीवर बसले, मी खाली. त्यांना वाटलं ते सांगतील आणि मी उतरवीन. पण ते "महोदय" म्हणाले आणि पुढे काय ते त्यांना सुचेना. मग मीच लिहिलं.

"तुमचं पत्र मिळालं. राब भाजला हे खरं आहे. भात पाहिजे तर तो भाजावाच लागतो. त्यामुळे पुढच्या वर्षीपासून दिवस तुम्ही ठरवा. तुमची आगोट झाली, पापड-कुरडया डब्यात गेल्या, की सांगा. दम्याच्या बायकांनी त्या दिवशी कुठे जायचं ते आधी ठरवा. कपडे आत घ्या. पाऊस यायच्या आधी एक दिवस द्या, एवढं मागणं. पीठ कुटायला मी येईन."

मालकांनी वाचलं. "मागणं चांगलं आहे," म्हणाले, आणि खाली सही केली. मग छत्री उघडली. "पोस्टात कशाला, समोरच आहे. तूच देऊन ये."

ते गेले. मी हात-पाय धुतले, चांगलं लुगडं नेसले आणि कागद घेऊन बिल्डिंगच्या फाटकातून आत गेले. जिन्याखाली पत्रांच्या सोळा पेट्या होत्या, प्रत्येकीवर आडनाव. तिथे मला समजलं की सेक्रेटरींचं आडनाव मला माहीत नाही. सगळे त्यांना सेक्रेटरीच म्हणायचे. वर जाऊन दार वाजवायचं, तर कुठलं? आणि उघडल्यावर काय म्हणायचं? मालकांशी बोलून माझं त्या दिवसाचं बोलणं संपलं होतं. मी थोडा वेळ पेट्यांसमोर उभी राहिले. कोणी खाली आलं नाही.

मग मी घरी आले आणि तेच पत्र आणखी पंधरा वेळा लिहिलं. दोन दिवस लागले. मालकांची सही एकावरच होती, म्हणून बाकीच्यांवर मी खाली माझं नाव घातलं. सोमवारी दुपारी सगळ्या झोपल्या असताना प्रत्येक पेटीत एकेक टाकलं. शेवटच्या पत्रापर्यंत माझं अक्षर बरंच सुधारलं होतं.